कुळागर बँकेत, भाऊ आकाशात आणि सही माझी?

नमस्कार मावशी,
मी साखळीजवळची, वय २८, कुंडईला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, हातात महिन्याला ३४ हजार येतात. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला आणि त्याला पायलट व्हायचंय, अगदी लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे नाही हं, मोपाचं नवं विमानतळ सुरू झाल्यापासून डोक्यात बसलंय. पणजीत एका हॉटेलात सेमिनार झाला तिथे सांगितलं की लायसन्सचे ५५ लाख आणि मग टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे, २० लाख. बाबा सत्तरी तालुक्यातलं कुळागर, म्हणजे आमची सुपारीची बाग, गहाण टाकायला निघालेत, पण बँकवाला म्हणतो की नोकरीवाला गॅरंटर पाहिजे, म्हणजे मी. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते, त्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. भाऊ मला रील्स दाखवतो, कॅप्टनला महिना ८ लाख. मामा न्यू जर्सीला असतो, त्याने एक जुना लेख पाठवला की स्वस्त तिकिटांमुळे तिकडे पायलटांना इतका कमी पगार की काही जण सरकारी रेशनची कुपनं घ्यायचे. शेजारचे काका म्हणतात दोन-अडीच हजारात मुंबई, त्यात पायलटच्या वाट्याला काय येणार, कपाळ. खरं कोणाचं? माझं लग्न ठरायच्या बेतात आहे आणि सही नाही केली तर भावाचं वाटोळं बहिणीने केलं हे जन्मभर ऐकावं लागेल. आई काहीच बोलत नाही. काय करू?
– सहीवाली बहीण

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर अडले, आई काहीच बोलत नाही. त्याच्यावर येते मी नंतर. आधी मामा आणि रील यांचा निकाल लावू, कारण तुमच्या घरात सध्या याच दोघांची भांडणं चाललीयत असं दिसतंय.

मी दाबोळी विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर १९ वर्षं काढली, बोर्डिंग पासपासून हरवलेल्या बॅगांपर्यंत सगळं केलं, त्यामुळे पायलट लोक कडक इस्त्रीत चालताना पण बघितलेत आणि घामेजलेल्या शर्टात क्रू बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेले पण बघितलेत. तर सांगते, मामाचा लेख खोटा नाही आणि तुझ्या भावाची रील पण खोटी नाही. फक्त मामाचा लेख आहे अमेरिकेतल्या एका काळाचा आणि नोकरीच्या पहिल्या पायरीचा, आणि रील आहे इथल्या शेवटच्या पायरीची. मधल्या पायऱ्या कोणी दाखवत नाही, आणि बँकेचे हप्ते नेमके तिथेच भरायचे असतात.

मामाला काय म्हणायचंय ते आधी. अमेरिकेत मोठ्या कंपन्या लांबचे रूट स्वतः चालवतात आणि छोट्या गावांचे रूट रिजनल कंपन्यांना कंत्राटाने देतात, विमानावर रंग आणि नाव मोठ्या कंपनीचं, आतला पायलट मात्र कंत्राटदाराचा. १२ फेब्रुवारी २००९ ला असंच एक विमान, कोलगन एअरची फ्लाइट ३४०७, नेवार्कहून बफेलोला उतरताना एका घरावर कोसळलं, विमानातली ४९ आणि घरातलं एक अशी ५० माणसं गेली. चौकशी झाली त्यात बाहेर आलं की को-पायलट मुलगी सिएटलला आईवडलांकडे राहायची, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कारण त्या पगारात नेवार्कजवळ घर परवडणार कुठून, आणि त्या ड्युटीसाठी ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून अर्धवट झोपेत प्रवास करून आली होती. पगाराचा आकडा निघाला तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. अपघाताच्याच महिन्यात कॅप्टन सलेनबर्गर, ज्यांनी जानेवारीत हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवलं ते, अमेरिकन संसदेच्या समितीपुढे म्हणाले की माझा पगार ४० टक्क्यांनी कापला गेलाय आणि पेन्शन पण गेली. म्हणजे बघ, सगळं जग ज्याला हिरो म्हणत होतं त्याची ही कथा.

पण मामाने लेखाच्या पुढची गोष्ट पाठवली नाही. त्या अपघातानंतर मेलेल्यांच्या घरच्यांनी चिकाटी सोडली नाही, २०१० ला कायदा झाला, २०१३ पासून को-पायलटला पण साधारण १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला, झोपेचे-विश्रांतीचे नियम बदलले. माणसं मिळेनात. मग करोना आला, जुन्या लोकांना लवकर घरी बसवलं गेलं आणि प्रवासी परत आले तेव्हा पायलटच नाहीत, तर २०२२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या रिजनल कंपन्यांनी नव्या को-पायलटला तासाला ९० डॉलर द्यायला सुरुवात केली. तिकिटं काही त्या प्रमाणात महागली नाहीत गो, पण पगार वाढला. याचा अर्थ शेजारच्या काकांचं गणित, तिकीट स्वस्त म्हणजे पायलट गरीब, ते तितकं सरळ नाही. पायलटला किती मिळणार हे तिकिटावर नाही, त्याच्या मागे लाइनीत किती जण उभे आहेत त्याच्यावर ठरतं.

आता आपल्याकडे ये. २००३ ला कॅप्टन गोपीनाथनी एअर डेक्कन काढली आणि एक रुपयाचं तिकीट हा शब्द घराघरात गेला, मग स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो. काका म्हणतात ते बरोबर, मोपाहून मडगावला टॅक्सीने जाताना जेवढे मोडतात जवळजवळ तेवढ्यात कधीकधी मुंबईचं तिकीट मिळतं. हे परवडतं कसं? इंधनाचा भाव कंपनीच्या हातात नाही, आणि खर्चाचा मोठा लचका तोच तोडतो. विमानं बहुतेक भाड्याची, ते भाडं डॉलरमध्ये. विमानतळाचे चार्जेस ठरलेले. मग हातात उरतं काय, तर विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचं, माणसांकडून जास्तीत जास्त काम घ्यायचं आणि जे खर्च दुसऱ्याच्या खिशात ढकलता येतील ते ढकलायचे. आम्हाला काउंटरवर पाण्याची बाटली पण हिशोबाने मिळायची (हा माझा जुना राग आहे, सोड).

आणि ढकललेल्या खर्चातला सगळ्यात मोठा कुठला, सांगू? पायलट तयार करायचा. पूर्वी कंपनीने माणूस घेतला की त्या विशिष्ट विमानाचं ट्रेनिंग कंपनी करायची, आता एअरबस ३२० चं टाइप रेटिंग बऱ्याचदा पोराने स्वतःच्या पैशाने करायचं, वरून बाँड. युरोपात तर काही कंपन्यांत पोरांनी पैसे मोजून प्रवाशांची विमानं उडवली, पे टू फ्लाय म्हणतात त्याला, म्हणजे ड्रायव्हरनेच बसचं भाडं भरायचं. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांचे कॅडेट प्रोग्राम आहेत, ते कोटीच्या पुढे जातात. तेव्हा दोन हजाराच्या तिकिटात जे पैसे कमी पडतात त्यातले थोडे तुझ्या बाबांच्या सुपारीच्या झाडांतून जाणार आहेत, असं समज. माझं म्हणणं सगळं एवढंच आहे. पायलटचा पगार इथे कमी नाही, तो पगार सुरू व्हायच्या आधीच घरच्यांनी भरून झालेला असतो.

आकडे घे, तू क्वालिटीतली आहेस, तुला आकडे आवडतील. ७५ लाख, ११ टक्के व्याज धरू, १० वर्षं. हप्ता येतो साधारण १ लाख ३ हजार. नव्या को-पायलटचा पगार कंपनीप्रमाणे बदलतो पण महिना लाख-दीड लाखाच्या आगेमागे धर, त्यातून टॅक्स, आणि पोस्टिंग दिल्ली-मुंबई-बंगळुरू म्हणजे घरभाडं. उरलं काय? पगार ऐकायला मोठा, हातात मात्र तुझ्यापेक्षा कमी, आणि हे नोकरी लागली तर. आठ लाखांची रील येते कॅप्टन झाल्यावर, त्याला हजारो तास आणि बरीच वर्षं लागतात, आणि पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर असतो, चाकं हलल्यापासून थांबेपर्यंत. २०२० ला २५ मार्चपासून दोन महिने देशातली विमानं बंद होती तेव्हा तासच नव्हते, मग भत्ते कुठले.

आणि खरा खड्डा नोकरीच्या आधीचा आहे. सेमिनारमध्ये सांगितलं असेल की इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिलीय, एअर इंडियाने ४७०, देशात पायलटांचा दुष्काळ आहे. ऑर्डरी खऱ्या आहेत, दोन्ही २०२३ च्या. पण विमानं एका दिवसात येत नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतात, आणि जो दुष्काळ आहे तो अनुभवी कॅप्टनांचा आहे, २०० तासवाल्या नव्या पोरांचा नाही. त्याच २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, १,६२२ कमर्शियल लायसन्स दिले. ही सगळी पोरं लाइनीत उभी राहतात, त्यांच्या पुढे आधीच्या वर्षांची, आणि मधेच एखादी कंपनी बंद पडली की अनुभवी माणसं पण त्याच लाइनीत पुढे घुसतात. किंगफिशर २०१२ ला थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ ला. लायसन्स हातात घेऊन वर्ष-दीड वर्ष घरी बसलेली पोरं मला माहीत आहेत, एक तर म्हापशात मावशीच्या मेडिकल स्टोअरवर बसायचा. मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो गो, व्याज थांबत नाही. सगळे ७५ लाख उचलून झाले की नुसतं व्याज महिन्याला ६८,७५०. दीड वर्ष बसला तर १२ लाख ३७ हजार, एकही विमान न उडवता. आणि बसून राहिल्यावर लायसन्स चालू ठेवायला, हात बसलेला ठेवायला पण खर्च असतोच.

बाय, हे सगळं तुझ्या घरात एकदा घडून गेलंय. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा तू असशील चौदा वर्षांची. त्याआधी डिचोली-सत्तरीत प्रत्येकजण हेच म्हणायचा ना, चीनला खनिज पाहिजे, ट्रक घे, दोन वर्षांत कर्ज फिटतं. बँका दारात यायच्या. मग एका सप्टेंबरात सगळं थांबलं आणि ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत, ते चालतच होते. मग परत सुरू झालं म्हणेपर्यंत २०१८ ला खाणींची ८८ लीज रद्द. तुझ्या बाबांची चूक होती का? मुळीच नाही, ते मेहनती माणूस होते, ट्रक पण चांगले होते. फक्त सगळं कर्ज अशा एका धंद्यावर होतं ज्याचा ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली होता. विमानाचा धंदा तसाच आहे, इंधन, डॉलर, इंजिनं, सरकार, साथ, कुठलाही एक ब्रेक दाबला की बस. मला वाटतं बाबांना हे तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी ते तयार झालेत कारण पोराला एकदा तरी नाही म्हणायची पाळी येऊ नये असं त्यांना वाटतंय. ट्रक गेले तेव्हा तुम्हा दोघांना बरंच काही नाही म्हणावं लागलं असेल त्यांना.

मी स्वतःचं एक सांगते. मी ज्या कंपनीत होते ती पुढे बंद पडली, नाव घेत नाही. बंद पडायच्या आधी सात-आठ महिने पगार उशिरा, मग अर्धा, मग नाही. आम्ही गोव्यातली माणसं, घर आपलं, परसात नारळ, कसंतरी निभावलं. एक को-पायलट होता, पंचवीस-सव्वीसचा, बाहेरच्या राज्यातला, इथे सकाळच्या फ्लाइटला यायचा तेव्हा नेहमी हसून गुड मॉर्निंग मॅम म्हणायचा. एक दिवस काउंटरच्या मागे आला आणि हळूच विचारलं, मॅम दोन हजार असतील का, घरी पाठवायचेत, बाबांना हप्त्याला कमी पडतायत. चार सोनेरी पट्ट्यांच्या कॅप्टनच्या शेजारी बसून तो थोड्या वेळाने पावणेदोनशे माणसं घेऊन उडणार होता. मी दिले. त्याने परत पण केले, पुढच्या वर्षी, दुसऱ्या कंपनीत लागल्यावर, वर काजूचा डबा, आणि मी म्हटलं अरे गोव्यात कोणी काजू आणतं का. पण त्या दिवशी ते विमान डोळ्यांआड होईपर्यंत मी काचेतून बघत उभी होते, बॅगेज बेल्टवर कोणीतरी बोंबलत होतं तरी.

विश्रांतीचं पण सांगितलं पाहिजे कारण ते पगारातच धरायचं. पहाटे तीनला उठून चार लँडिंग करून संध्याकाळी हॉटेल, दुसऱ्या दिवशी उलटं. डीजीसीएने नवे नियम आणले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरात इंडिगोच्या हजारो फ्लाइट्स रद्द झाल्या, तुला आठवत असेल लोक एअरपोर्टवर बॅगा उशाला घेऊन झोपले होते. नव्या नियमांत पायलट पुरले नाहीत. म्हणजे एवढी वर्षं स्वस्त तिकिटातला एक हिस्सा त्यांच्या झोपेतून येत होता. हे भावाला सांग, घाबरवायला नाही, नोकरी कशी असते ते कळायला. आणि नोटीस पिरियड पण सांग, २०१७ पासून को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. चिडून राजीनामा टाकून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे, असं होत नाही.

आता सही. गॅरंटर म्हणजे लोकांना वाटतं की ओळख दाखवायची, साक्षीदारासारखं. तसं नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, बँकेने आधी त्याच्या मागे लागलंच पाहिजे असं पण नाही, सरळ तुझ्याकडे येऊ शकते. भावाचा हप्ता चुकला की सिबिल तुझा पण खराब. उद्या तू आणि नवरा फोंड्यात फ्लॅट बघायला गेलात की हे ७५ लाख तुझ्या नावासमोर दिसणार. ३४ हजार पगारात १ लाख ३ हजारांचा हप्ता तू कसा भरणार होतीस, हे बँकवाल्याला माहीत नाही का? माहीत आहे. त्याला कागदावर एक पगारपत्रक पाहिजे, बास. आणि टॅक्समध्ये शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सवलत असते ना, ती स्वतःसाठी, नवऱ्या-बायकोसाठी, मुलांसाठी, भावासाठी बहिणीला नाही. म्हणजे ओझं घेतलंस तरी सवलत पण नाही.

तेव्हा माझं उत्तर, गॅरंटर म्हणून सही करू नको. स्पष्ट.

पण नाही एवढंच बोलून खोलीत जाऊन बसू नको, त्याच्या सोबत काहीतरी दे. तुला झेपेल तेवढी एक रक्कम ठरव, दोन लाख, तीन लाख, जे असेल ते, आणि ती परत मिळणार नाही असं धरून दे. भावाच्या पहिल्या वर्षासाठी. कारण पहिल्या वर्षाला ५५ लाख लागतच नाहीत, हे सेमिनारवाले सांगणार नाहीत. आधी मेडिकल. क्लास टू मेडिकल डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे होतं, मग क्लास वन. रंग ओळखण्यात दोष निघाला, कानात किंवा हृदयात काही निघालं तर पैसे भरायच्या आधी कळलेलं बरं, पैसे भरून मग मेडिकलला गेलेले लोक आहेत, विश्वास बसणार नाही तुझा. पुढे पण दरवर्षी मेडिकल असतंच, एखाद्या वर्षी अडकलं की उडणं बंद, म्हणून लायसन्स गेलं तर पैसे देणारा वेगळा विमा असतो तो पण लक्षात ठेव.

मेडिकल झालं की पेपर. नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के पाहिजेत, वेगळी रेडिओची परीक्षा. हे सगळं जमिनीवर बसून होतं. ऑनलाइन क्लास लावून साखळीत घरच्या माडीवर बसून होतं. मुलगा खरंच त्या विषयात रमतोय की त्याला फक्त गॉगल आणि टोपी आवडलीय हे तुम्हाला वर्षभरात कळेल, त्याला स्वतःला पण कळेल. मोपाच्या कंपाउंडला टेकून विमानं बघणं वेगळं आणि रात्री दोनला ढगांचे प्रकार पाठ करणं वेगळं. शक्य असेल तर सोबत बाहेरून एखादी डिग्री चालू ठेवायला सांग, उद्या लाइनीत दोन वर्षं उभं राहायची पाळी आली तर बारावीवाला म्हणून कोण दारात उभं करणार.

पेपर निघाले की मग फ्लाइंग स्कूल. फुरसतगंजची सरकारी इगरुआ आहे, एंट्रन्स देऊन जायचं, तिथे निदान प्रयत्न करू दे. शेजारच्या महाराष्ट्रात गोंदिया, बारामती. कुठेही जा, स्वतः जाऊन बघायचं, फोनवर नाही. ऑफिसात बसलेल्याला नको विचारू, हँगरच्या बाहेर चहा पिणाऱ्या पोरांना विचार, महिन्याला किती तास मिळतात, उडणारी विमानं किती आणि स्पेअर पार्टची वाट बघत उभी किती, पावसाळ्यात काय करता, शिकवणारे सोडून जातात का. लायसन्सला २०० तास लागतात, ते काही जणांचे वर्षभरात होतात, काही जण तीन वर्षं अडकून पडतात आणि तिकडे व्याज चालू. आणि पैसे एकदम भरायचे नाहीत, तास झाले तसे भरायचे. एकदम भरले तर डिस्काउंट देतो असं म्हणणारा जो आहे ना, त्याच्याकडून उलट्या पावली परत यायचं. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणारा पण त्यातलाच, लेखी दे म्हण, बघ तोंड कसं होतं.

टाइप रेटिंगचे २० लाख तर आता विषयच काढू नका. हातात नोकरीचं पत्र नसताना आपल्या पैशाने रेटिंग करून ठेवायचं आणि मग कंपनीने दुसरंच विमान घ्यायचं असं पण झालंय. अशाने ७५ लाखांचं कर्ज आज घ्यायची गरजच उरत नाही. आज लागतात दोन-तीन लाख, वर्षाने लागतील ते टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला थांबून बघता येतं.

आता आई. आपल्या गोव्यात लग्न झालेल्या माणसाची स्थावर मालमत्ता सहसा दोघांची असते, इथला नागरी कायदाच तसा आहे, आणि ती विकायला-गहाण टाकायला दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे कुळागर गहाण टाकायचं तर आईची सही लागणार. तिला कोणी विचारलंय का? पत्रात तू लिहिलंस बाबा तयार आहेत, भाऊ तयार आहे, बँक तयार आहे. काहीच बोलत नाही म्हणजे ती हो म्हणतेय असं तुम्ही सगळ्यांनी धरून चाललाय. एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा, आजोबांच्या नावावर असेल तर काका-आत्यांचा पण प्रश्न येणार आणि बँकच दोन महिने फिरवेल. आणि अजून एक, कोणी उघड बोलणार नाही म्हणून मीच बोलते, इथे वारसात मुलीचा वाटा मुलाइतकाच. ते कुळागर पुढे अर्धं तुझ्याकडे यायचंय. म्हणजे तुझ्याकडून आधीच एकदा मागून झालंय, न विचारता, आणि आता वर सही पण पाहिजे. हे भांडायला वापरू नको. पण उद्या कोणी म्हणालं बहिणीने भावासाठी काही केलं नाही, तर मनात तरी उत्तर असू दे.

बोलायचं कसं, तर चवथीला सगळे जमतात तेव्हा अजिबात नको, गणपतीपुढे माटोळीखाली बसून अशी बोलणी केली की मामा-काका पंच होतात. एखाद्या साध्या दिवशी, रात्री जेवणं झाल्यावर, चौघंच. आधी भावाला बोलू दे, मग आईला विचार, नाव घेऊन विचार, तुला काय वाटतं. आणि ती बोलेपर्यंत कोणी मधे तोंड घालायचं नाही, बाबांनी पण नाही. मग तू तुझी रक्कम सांग आणि वर्षाचा बेत सांग. भाऊ चिडेल. एकोणिसाव्या वर्षी चिडायचंच असतं. त्याला म्हण, मी तुला थांबवत नाही, मी तुझ्या मेडिकलचे पैसे उद्या द्यायला तयार आहे. मग बघ तो काय म्हणतो. खरंच उडायचं असेल तर तो डॉक्टरची अपॉइंटमेंट घेईल.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला पण हे सगळं आधी सांगून ठेव, सही केली नाहीस तरी. लपवण्यासारखं काही नाही त्यात, आणि त्याला बाहेरून कळलं तर उगाच गाठ बसते.

मामाला माझा नमस्कार कळव आणि म्हणावं पुढच्या वेळी अलीकडचा लेख पाठव. मेडिकलची तारीख ठरली की मला लिही, आणि भावाला सांग, रक्त तपासायला उपाशीपोटी जायचं असतं, वाटेत पोदेराकडून पाव घेऊन खात बसू नको.

तुझी
मावशी